हणजुण्याचा बुधवार

दिवाळीच्या सुट्टीत माझा मावसभाऊ भेस्तानहून सहकुटुंब बेळगावी आला. भेस्तान म्हणजे उधना आणि सचिन या स्थानकांमधलं गाव, आता सुरत शहरातच जमा झालेलं. भोवती कापडाचे कारखाने आणि पोटासाठी आलेली खानदेशची, ओडिशाची, उत्तर प्रदेशची माणसं. मुलांना समुद्र बघायचा होता. म्हणून बुधवार गाठून आम्ही चोर्ला घाटाने गोव्यात हणजुण्याला, म्हणजेच अंजुनाला गेलो.

बुधवार यासाठी, की त्या दिवशी तिथे किनाऱ्यालगत हिप्प्यांचा जुना बाजार भरतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून युरोप-अमेरिकेतली तरुण मुलं इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा खुश्कीचा प्रवास करत भारतात येऊ लागली. नोकरी, युद्ध, घरदार यांना कंटाळलेली ही पोरं हिवाळ्यात गोव्यात उतरत. त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'एट फिंगर एडी'. खरं नाव यर्टवर्ड माझमॅनियन, अमेरिकेत जन्मलेला आर्मेनियन. हाताला दोन बोटं कमी, म्हणून हे नाव. पैसे संपलेल्यांना तो फुकट जेवू घाले. गाठीचा पैसा संपला की ही मंडळी आपले कपडे, पुस्तकं, रेडिओ विकत, त्यातूनच हा बाजार उभा राहिला. पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर गाणं-नाचणं चाले, तिकीट नसे. आपल्याकडे सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेला बैलगाड्या सोडून, चूल मांडून माणसं राहतात, त्या जत्रेची आठवण यावी असं काहीतरी. फरक एवढाच, की इथे देव नव्हता आणि नशापाणी होतं. नागडेपणा आणि अमली पदार्थ यांचा गावाला झालेला त्रासही खोटा नाही.

१९७९ मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानात घुसलेलं रशियन सैन्य यांनी तो खुश्कीचा रस्ता बंद केला. ब्रिटनमध्ये स्टोनहेंजच्या शिळांजवळ १९७४ पासून भरणारी अशीच फुकट जत्रा पोलिसांनी १९८५ मध्ये मोडून काढली. पण माणसं आठवण विसरली नाहीत. २०१० मध्ये हणजुण्यातच जुन्या हिप्प्यांचं स्नेहसंमेलन झालं. फेसबुकवर एकमेकांचा शोध लागला आणि केस पिकलेली ती मंडळी देशोदेशींहून पुन्हा आली. ऑस्ट्रेलियाच्या एसबीएस वाहिनीसाठी त्यावर 'गोवा हिप्पी ट्राइब' हा माहितीपटही झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात एडी गोव्यातच वारला.

आज बाजारात विकणारे गोरे थोडेच. काश्मिरी, राजस्थानी आणि आपल्या उत्तर कर्नाटकातल्या लमाणी बायकाच जास्त. आरशांच्या पिशव्या मांडून बसलेल्या एकीला मी विचारलं, "अक्का, याव ऊर री?" गदगकडची निघाली. कन्नड ऐकताच तिचा चेहरा फुलला आणि भावही निम्म्यावर आला. पावसाळ्यात गावी शेत, दिवाळीनंतर सहा महिने इथे. किनाऱ्यावर फिरून विकायला गेलं की हाकलतात, म्हणाली. तिचे पूर्वज बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहत मुलुखभर हिंडायचे. हिप्प्यांना जी भटकंती नव्याने सापडली, ती तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. तिच्या भरतकामाचे कपडेही त्यांनी हौसेने अंगावर घेतले.

शेजारच्या दुकानात मावसभावाने एक रंगीत झगा बोटांनी चोळून पाहिला. "दादा, हे तर आमच्या सुरतेचं कापड," म्हणाला. मग जरा थांबून बोलला, "हे लोक हिंडले त्याचा सिनेमा झाला. आमच्या कारखान्यातली पोरंही घर सोडून आलीत, पण त्यांना गावी जायला सणाच्या गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही."

मला त्या म्हाताऱ्या हिप्प्यांचा राग येत नाही. ज्या गावाने तरुणपणी आसरा दिला, तिथे परत यावंसं वाटणं माणसासारखंच आहे. पण त्यांना खोली देणारी हणजुण्याची घरं, त्यांना झगे शिवून देणारी अक्का आणि ते कापड विणणारी भेस्तानची पोरं, यांचीही आठवण त्या संमेलनात व्हायला हवी, एवढंच वाटतं.

वाचकहो, जायचं असेल तर बुधवारी जा. पावसाळ्यात बाजार बंद असतो. आणि भाव करताना आधी कन्नडमध्ये चार शब्द बोलून बघा.