झिरोचा बल्ब

बाबांनी केलेला आकाशकंदील माळ्यावरून काढला, तर वरची बाजू करपून तपकिरी झालेली. हात लावला की कागदाचा भुगा होत होता. चूक माझीच. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यात 60 वॅटचा पिवळा बल्ब लावला होता. असा बल्ब 90 टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेतच घालवतो आणि गरम हवा वर चढते, हे मी इंजिनीअरिंगच्या पेपरात लिहून आलो होतो.

कामट्या शाबूत होत्या. करपलेला कागद ओल्या फडक्याने भिजवून सोडवला, मैद्याची खळ शिजवली आणि पतंगाचा कागद चिकटवला. वरचं तोंड हवेसाठी मोकळं ठेवलं. आत 9 वॅटचा एलईडी मधोमध टांगला. उजेड जवळपास तेवढाच, उष्णता कितीतरी कमी.

आई बघत होती. म्हणाली, "तुझे बाबा झिरोचाच बल्ब लावायचे."

"उजेड कुठे पडायचा त्याचा?"

"नाही पडायचा. पण कागद टिकायचा."

खालच्या बाजूचा कागद बाबांनी चिकटवलेला आहे. रंग उडालाय, नव्याशी जुळत नाही. तो बदलला नाही.