मावशींची सुई

आई धर्मापुरीत, मी पुण्यात. केदारेश्वराचं देऊळ सोडून ती इकडे यायची नाही! मग इन्सुलिन कोण देणार? सांभाळायला येणाऱ्या मावशींना शिकवलं. बाटली ४० ची, म्हणून सिरिंज लाल टोपणाचीच. केशरी टोपणाची १०० ची. तिच्यात आकडा तोच दिसतो, पण औषध निम्म्याहून कमी जातं.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना आजारी नवजात बाळांना जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. वाचून मला पटलंही होतं. पण स्वतःची आई म्हटल्यावर... रोज रात्री माझा फोन, "दिली का सुई?"

परवा मावशी म्हणाल्या, "नाही दिली दादा. माय जेवल्याच नाहीत."

"डोस चुकवायचा नाही म्हटलं होतं ना?" मी चिडलोच.

"आधी साखर बघितली. ६४ हाये. साखरपाणी पाजलंय, परत बघते."

साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, हे मी सांगायलाच विसरलो होतो. ते त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं.