पिवळी बस

केळीच्या गाड्या रस्त्याला लागतात त्याच वेळेला ती येते. बुरहानपूरहून जसोंडीकडे, तशीच आसपासच्या कितीतरी गावांकडे. अंगाला पिवळा रंग, खिडक्यांना आडव्या सळ्या, पाठीवर ठळक अक्षरांत शाळेचं नाव आणि फोन नंबर. ही तिची हौस नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनी तिला हा वेश दिला आहे.

ती गल्लीत शिरत नाही. फाट्यावर उभी राहून दोनदा हॉर्न देते. आया पोरांचे टाय सरळ करत, डब्याचं झाकण दाबत लगबगीनं येतात. दारातल्या मावशीला एकूण एक पोराचं नाव पाठ. एखादं दिसलं नाही तर ती ड्रायव्हरला थांबायला लावते. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं तरी पोरं संध्याकाळी सुखरूप घरी येतात. हे बसचं श्रेय आहे, ते तिला द्यायलाच हवं.

पण मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखी ती गाव जोखते, आणि गावही तिच्यापुढे तसंच अवघडून उभं राहतं. ती थांबते ते गाव सुधारलेलं. ज्या फाट्यावरून ती तशीच पुढे जाते, ते मागासलेलं. सोयरीक जुळवताना ‘पोरं कुठल्या शाळेत जातात?’ हा प्रश्न हमखास येतो. शहराच्या कडेला प्लॉट विकणारा नळाच्या आधी ‘स्कूल बस दारात येते’ हे सांगतो. गावातल्या सरकारी शाळेचा निकालही तिनंच लावून टाकलेला असतो: बसमध्ये पोरं जितकी जास्त, तितकी ती शाळा वाईट.

मला हा निकाल मान्य नाही. बस त्या शाळेच्या फाटकाच्या आत कधी गेलेलीच नाही.

पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब घरांसाठी ठेवल्या, तेव्हा मजुराचं पोरही त्या बसमध्ये चढलं, हे चांगलंच झालं. मात्र तापीकाठच्या या पट्ट्यात एक गोष्ट वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी आखणी झाली. खानदेश मुंबई राज्यात राहिला, बुरहानपूर मध्य प्रदेशात. कितीतरी घरांत बोली मराठी, खानदेशी वळणाची. सरकारी शाळेत हिंदी. बसमधून उतरल्यावर तिसरीच भाषा, इंग्रजी. पहिलीतल्या पोराचं पोट दुखलं तर ते स्वतःच्या बोलीत ज्यांना सांगू शकतं, असे गुरुजी किंवा मॅडम त्याला गावच्या शाळेत भेटण्याचा संभव जास्त. सहा वर्षांच्या पोरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बसच्या पाठीवर तिचा उल्लेख कुठून असणार?

मग शाळा जोखायची कशी? ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देते आणि वाचायला सांगते. एवढं कोणत्याही आईबापाला घरच्या ओट्यावर करता येईल. बसनं जाणाऱ्याला आणि पायी जाणाऱ्याला एकच उतारा द्या. कोण अडखळतं, कुठं अडखळतं, ते कान देऊन ऐका. गावाची आणि शाळेची अब्रू त्या वाचनावर ठरवा.

आणि गावच्या शाळेत पोरं खरंच अडखळत असतील, तर तिला सोडून देऊ नका. कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं सांगितलं आहे. पुढची बैठक कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारा, आणि त्या दिवशी शेतातलं काम दोन तास मागं ठेवून तिथं जाऊन बसा.