कोश आणि मेतकूट

हल्ली माणसाला एक देह पुरेनासा झाला आहे. आमच्या लहानपणी एका देहात भागत असे. तो मळला की घासायचा, दुखला की शेकायचा आणि दमला की आडवा करायचा. आता मात्र भेटेल तो आपल्या सूक्ष्म देहाविषयी बोलतो. परवा बँकेच्या रांगेत माझ्यापुढचे गृहस्थ म्हणाले, "माझा ऑरा फार मोठा आहे हो!" मी चटकन दोन पावलं मागं सरकलो. न जाणो, त्याच्यावर पाय पडायचा!

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येही एकदा ऑऱ्याचं शिबिर झालं. पंधराशे रुपये भरायचे, एका पट्टीवर तळहात टेकून बसायचं, की दोन मिनिटांत आपला रंगीत फोटो हातात. शेजारच्या नानांचा फोटो जांभळा निघाला. जांभळा म्हणजे फार वरची पायरी. काल संध्याकाळपर्यंत नाना नुसते पेन्शनर होते, ते आता आध्यात्मिक पेन्शनर झाले. माझा फोटो तपकिरी आला. शिबिरवाले गंभीर होऊन म्हणाले, "जडत्व आहे." ही शेजारीच होती. म्हणाली, "एवढं मी फुकट सांगितलं असतं."

"हे सगळं वेदांत आहे," असंही त्यांनी सांगितलं. देहाभोवती सात थर, एकाबाहेर एक, हातभर लांब पसरलेले. आता 'वेदांत आहे' म्हणायला कुणाचा परवाना लागत नाही; पण आमच्या वडिलांच्या कपाटात तैत्तिरीय उपनिषद होतं. म्हटलं, बघू तरी आपलं जडत्व कुठल्या पानावर आहे ते.

या उपनिषदाच्या तीन वल्ली. पहिलीचं नाव शीक्षावल्ली, आणि त्यातला 'शी' चक्क दीर्घ! मी शाळेत असा लिहिला असता तर गुरुजींनी ऱ्हस्व शिक्षा केली असती. दुसरी ब्रह्मानंदवल्ली. तिच्यात अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय असे पाच भेटतात. 'कोश' म्हटलं की आपल्याला शब्दकोश आठवतो. इथं कोश म्हणजे म्यान. पण गंमत अशी, की या पाचांना उपनिषद कोश म्हणतच नाही, आत्मा म्हणतं. म्यान पुढच्या वेदान्त्यांनी चढवलं. उपनिषदानं प्रत्येकाला पक्ष्याचा आकार दिलाय. डोकं, उजवा पंख, डावा पंख, धड आणि शेपूट. रंग मात्र एकाचाही सांगितलेला नाही. जांभळा नाही आणि तपकिरी तर नाहीच नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मुख्य म्हणजे दिशा! शिबिरवाल्यांचे थर देहातून निघून बाहेर पसरतात. उपनिषदाचे आत आत जातात. अन्नाच्या देहाच्या आत प्राणाचा, त्याच्या आत मनाचा, मग विज्ञानाचा आणि सर्वांत आत आनंदाचा. म्हणजे बँकेतल्या त्या गृहस्थांचं काही खरं मोठं असलंच, तर ते माझ्या पायाखाली येण्याची मुळीच भीती नव्हती.

मग हे रंग आले कुठून? 1875 साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी निघाली आणि पुढं मद्रासजवळ अड्यारला येऊन स्थिरावली. तिच्यातले चार्ल्स लेडबीटर यांनी 1902 साली माणसाच्या अदृश्य देहांवर एक पुस्तक काढलं. त्यात कुठला रंग म्हणजे कुठला विकार, याची रंगीत चित्रं होती. कॅमेऱ्याचं कूळ याहून अलीकडचं. पट्टीवर हात ठेवला की तळहातातून वीज किती सहज जाते ते मोजायचं आणि त्या आकड्याला रंग द्यायचा, ही त्याची रीत. हाताला घाम कमी-जास्त आला की आकडा बदलतो. नानांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण माझा घाम जांभळा आहे!"

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या शिबिराला आमची अक्काही आली होती.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या यजमानांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. बेचाळीस वर्षं दोघांचा स्वयंपाक केलेली बाई. "एका माणसासाठी कुकर काय लावायचा रे," असं म्हणायला लागली आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढायला लागली. शिबिरवाल्यांनी तिचा फिकट फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "तुमच्या प्राणमय कोशाला भोक पडलंय." त्यावर उपाय म्हणून स्फटिकांची माळ, अकरा हजार रुपये. अक्का घरी येऊन शांतपणे म्हणाली, "खरंच असेल रे. तिथूनच सगळं निघून जात असणार."

मला हसू येईना. ती बँकेचं पासबुक शोधायला लागली, तेव्हा तर काय बोलावं तेच सुचेना. माझं अर्धं उपनिषद वाचून झालं होतं. पण अर्ध्या उपनिषदाचा अशा वेळी काही उपयोग होत नाही. हिनं एकही पान वाचलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि वीस मिनिटांनी गुरगुट्या भात, मेतकूट, तूप आणि लिंबाच्या लोणच्याची फोड घेऊन आली.

"वन्सं, मला नाही कुठं भोक दिसत. पोट मात्र दिसतंय खपाटीला गेलेलं. आधी हे खा, माळेचं मग बघू."

अक्कानं पहिला घास नको नको म्हणत घेतला. मला आमचे वडील आठवले. ते जेवायला बसले की आधी पाच प्राणांना पाच इवलेसे घास देत. प्राण, अपान, व्यान, उदान, समान. प्राणाला पोचवायचं ते भाताच्या शितांतून, हे त्यांना कुठल्या यंत्रानं सांगितलं नव्हतं. अक्कानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग रडली. चार महिन्यांत पहिल्यांदाच घळाघळा रडली. माळ राहिली ती राहिलीच.

त्या रात्री मी तिसरी वल्ली वाचली. तीत भृगू बापाला, म्हणजे वरुणाला, ब्रह्म शिकव म्हणतो. वरुण सांगतो, तप कर. भृगू तप करून येतो. त्याला कळलेलं असतं, अन्न म्हणजे ब्रह्म. बाप चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. पुन्हा तप कर म्हणतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. पाचव्या खेपेला आनंद कळतो आणि भृगू पुन्हा विचारायला येतच नाही. आता एवढं शिखर गाठल्यावर पुढं काय सांगितलं असेल? अन्नाला नावं ठेवू नये. अन्न टाकू नये. अन्न पुष्कळ करावं. दाराशी आलेल्याला परत पाठवू नये. म्हणजे आनंदापर्यंत पोचलेल्या माणसाला उपनिषद पहिल्यांदा पाठवतं ते स्वयंपाकघरात!

गेल्या रविवारी अक्काचा फोन आला. "थालीपीठं लावतेय. दोघंही या. आणि त्या नानांनाही आणा, एकटेच असतात."

नाना आले. लोण्याबरोबर पाच थालीपीठं खाल्ली, सहाव्याला नाही म्हणाले नाहीत. जांभळा माणूस, पण अन्नमय कोश मात्र अगदी ठणठणीत!