मोतीची राखण

आमच्या घरामागे कुळागर आहे. अंत्रुज महालातल्या जुन्या घरांमागे असते तसेच. पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढलेल्या मिऱ्यांच्या वेली आणि मधून वाहणारा पाट. कुळागर म्हटले की माकडे आलीच. कोवळी शहाळी पोखरून खाली टाकण्यात त्यांना कोणता आनंद वाटतो कोण जाणे. पण वर्षाकाठी होणाऱ्या नुकसानीचा हिशेब मांडायला बसले की मन खिन्न होते. म्हणून आमच्याकडे राखणीला कुत्रा असतो. वडिलांच्या वेळी वाघ्या होता. हल्ली मोती आहे.

मोतीला घरी आणले ते माझ्या आईने. २०१८ च्या आषाढात देवळाच्या तळीच्या पायरीवर एक पिलू पावसात कुडकुडत बसले होते. आई दर्शन घेऊन परतली ती एका हातात प्रसादाची फुले आणि दुसऱ्या हातात ते पिलू घेऊन. सोवळ्याओवळ्याचा एवढा विचार करणारी ती बाई; पण त्या दिवशी तिने कुणाला काही बोलू दिले नाही.

पुढच्याच वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. उरले ते मोजके पाच-सात शब्द. ज्या पायांनी जन्मभर देवळाची वाट तुडवली ते पाय अंथरुणाला खिळले. पालखी नाही, कीर्तन नाही, तळीवरच्या बायकांच्या गोष्टी नाहीत. मुलाने पुण्याहून येताना मोठा, सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच आणला आणि तिच्या खाटेसमोर लावून दिला. तेवढीच तिची खिडकी झाली. मोती रात्रंदिवस त्या खाटेखाली पडून असे.

२०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदीच्या त्या भकास दिवसांत, दूरदर्शनने रामानंद सागरांचे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १९८७ साली ते प्रथम लागले तेव्हा आमच्या वाड्यावरची माणसे आमच्याच घरात जमत. आई त्या वेळी संचापुढे समई लावीत असे. आताही तिने डाव्या हाताने खूण करून समई लावायला सांगितली. अयोध्या झाली, वनवास झाला. मोती खाटेखाली निवांत होता. पुढे किष्किंधेचा भाग आला, पडद्यावर वानरसेना उसळली, आणि आमचे राखणदार खाटेखालून जे उसळले ते थेट पडद्यावरच!

आईचा डावा हात मारुतीला नमस्कार करण्यासाठी उचललेला, आणि मोती त्याच मारुतीवर दात विचकून धावलेला. एखाद्या प्रहसनात शोभावे असे ते दृश्य; पण हसायला कुणाला सुचले नाही. औषधाचा पेला कलंडला, आई दचकून पांढरीफटक पडली. मी मोठ्याने ओरडलो. मोती अधिकच भुंकू लागला. मी कोपऱ्यातली काठी उचलली, तेव्हा आईच्या तोंडून अडखळत दोन तुटक बोल बाहेर पडले :

“मारूं नाका... राखण...”

त्या दिवसापासून घराची शांतता गेली. हत्ती, घोडा, जाहिरातीतले मांजर, काहीही दिसले की मोतीचा गदारोळ सुरू. त्याला मागल्या दारी बांधले तर तो केविलवाणा रडे आणि आईचे डोळे दाराकडे लागत. संच बंद ठेवला तर तीच आई दिवसभर आढ्याकडे पाहत पडून राही. एका आप्ताने फोनवर सल्ला दिला, “कुणाला तरी देऊन टाका त्याला.” महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गही नाकारला, ही कथा मी शाळेत तीस वर्षे शिकवली आहे. पण कथा शिकवणे वेगळे. मी आप्ताला म्हणालो, “बघू.”

अखेर ओळखीच्या एका गुरांच्या डॉक्टरांना मी फोन केला. मनात एक शंकाही होती, ती आधी विचारली. १९८७ साली हीच वानरसेना याच घरात आली तेव्हा वाघ्या तर संचाखाली खुशाल झोपला होता. तो साधू होता, आणि हा मोतीच तेवढा तापट?

डॉक्टर हसले. म्हणाले, “मास्तर, वाघ्याला वानर दिसलेच नसावेत.”

त्यांनी सांगितले ते मला नवीन होते. जुन्या काचेच्या नळीच्या संचावर चित्र सेकंदाला ५० वेळा उजळे आणि विझे. साधारण ५० ते ६० वेळा लुकलुकणारा प्रकाश माणसाच्या डोळ्याला सलग भासतो. कुत्र्याचा डोळा अधिक चपळ. त्याला ती लुकलुक ७०-८० पर्यंतही जाणवते. म्हणजे आम्ही ज्याला रामायण समजून हात जोडीत होतो, ते वाघ्याच्या लेखी फडफडणारे उजेडाचे ठिगळ होते. नव्या सपाट पडद्यावर ती लुकलुक उरलेली नाही. तांबडा आणि हिरवा हे रंग कुत्र्याला नीट निवडता येत नाहीत. पण निळा, पिवळा आणि त्याहून महत्त्वाची अशी हालचाल त्याला चांगली कळते. शिवाय आपल्याला २०,००० कंपनांच्या पलीकडे ऐकू येत नाही. त्याचे कान ४५,००० च्या आसपास पोहोचतात. घरात माकड शिरलेले स्पष्ट दिसते आहे, फक्त त्याचा वास तेवढा येत नाही. मोती पुनःपुन्हा संचाच्या मागे जाऊन का हुंगतो, ते कोडे मला तेव्हा उलगडले.

“आणि तुम्ही ओरडता,” डॉक्टर पुढे म्हणाले, “तेव्हा त्याला वाटते, धनीही भुंकू लागले, म्हणजे संकट खरेच मोठे आहे.”

हे वाक्य मला लागले. आईने जे दोन शब्दांत सांगितले होते तेच हे.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय साधा होता, पण चिकाटीचा. संध्याकाळी प्रथम मोतीला कुळागरातून चांगले हिंडवून आणायचे, म्हणजे अंगातली रग जिरते. मग पडद्यापासून दूर, दाराशी, त्याचे गोणपाट अंथरायचे. संचाचा आवाज अगदी बंद. मुलाने फोनवरून शिकवल्याप्रमाणे मी रानातल्या प्राण्यांचा एक चित्रपट लावी. तो हवा तिथे थांबवता येई. हत्ती दिसला रे दिसला, की मोतीने तोंड उघडण्याआधी उकडलेल्या रताळ्याची बारीक फोड त्याच्यापुढे ठेवायची. क्रम मात्र चुकायचा नाही. आधी प्राणी, मग फोड. घंटेपाठोपाठ अन्न येते हे कळले की घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियाच्या पावलॉव्हचे काम मी पुस्तकात वाचले होते. इथे घंटेच्या जागी हत्ती आला, एवढेच. भुंकलाच, तर रागवायचे नाही. आपण फार घाई केली असे समजून गोणपाट आणखी मागे सरकवायचे. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. मग हळूहळू आवाज वाढवायचा आणि गोणपाट एकेक हात पुढे आणायचे.

हत्ती चौथ्या दिवशी पचला. घोड्यांना आठवडा लागला. माकडांपाशी मात्र सारे गाडे अडले. माकड दिसताच रताळे विसरून तो ताठ उभा राही, अंगाला कंप सुटे, आणि तो एकवार पडद्याकडे, एकवार आईकडे पाही.

एके दिवशी असाच तो उभा असताना खाटेवरून शब्द आला :

“पळयलें.”

पाहिले, मी पाहिले. आईच्या उरलेल्या पाच-सात शब्दांपैकी तो एक. तिने डावा हात खाटेखाली सोडला. मोती दोन पावले मागे आला, त्या हाताखाली त्याने डोके घातले आणि एक दीर्घ श्वास सोडून तो खाली बसला.

मी रताळ्याची फोड हातात धरून नुसता पाहत राहिलो. हा प्राणी इतके दिवस आम्हांला काय सांगत होता? शत्रू आला आहे, तुम्ही पाहिला का? आणि त्याला उत्तर म्हणून आम्ही एकतर ओरडत होतो, नाहीतर त्याला बांधून ठेवीत होतो. पाहिले, एवढेच त्याला कुणी म्हटले नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते आधी कळावे, यात नवल नाही. तिलाही दिवसभर काहीतरी सांगायचे असे, आणि आम्ही उशी सारखी करून निघून जात असू.

त्यानंतर डॉक्टरांच्या रीतीत आम्ही हा एक शब्द मिळवला. प्राणी दिसे, आई “पळयलें” म्हणे, मी फोड देई. मे महिना संपता संपता पडद्यावरच्या माकडांनाही मोतीने अभय दिले. कुळागरातल्या माकडांना दिले नाही, हे आमचे भाग्य. तिथे त्यांना वास आहे. तिथे त्याची राखण आजही कडक आहे. आणि मलाही सवय लागली, आईने नजरेने काही दाखवले की थांबून, ते पाहून, तिला तसे सांगण्याची.

२०२३ च्या कार्तिकात आई गेली. तेराव्यानंतर बरेच दिवस संच झाकलेलाच होता. एका संध्याकाळी बातम्यांसाठी म्हणून मी तो लावला. मध्येच कुठल्याशा जाहिरातीत एक माकड फांदीवरून उडी मारून गेले. मोती उठला. भुंकला नाही. त्याने मान वळवून रिकाम्या खाटेकडे पाहिले आणि तसाच उभा राहिला.

मी म्हटले, “पळयलें.”

माझा आवाज त्याला परका वाटला असावा. थोडा वेळ गेला. मग तो खाटेखाली जाऊन बसला.