उभ्या पंगतीचे गाव

परमुलखात माणसाची पहिली परीक्षा घेते ती भूक. भाषा येत नसली तर हातवाऱ्यांवर भागते, रस्ता चुकला तर कोणी ना कोणी वाट दाखवितो. परंतु वेळेवर ओळखीचा घास पोटात पडला नाही, तर भल्याभल्यांचा धीर सुटतो. स्पेनच्या दक्षिणेकडील सेव्हिल नगरात आम्ही उभयतांनी गेल्या जून महिन्यात वीस दिवस काढले, तेव्हा ही परीक्षा आम्हांसही द्यावी लागली.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त चार वर्षे तेथे राहतात. त्यांच्या काळजीपोटी सौभाग्यवतींनी थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि खाकऱ्यांचे दोन डबे बरोबर घेतले होते. आम्ही पडलो बडोद्याची माणसे; खाकऱ्यावाचून आमचा प्रवास कसा व्हावा?

पहिले चार दिवस संध्याकाळी साडेसात वाजता, शाळेच्या घंटेच्या शिस्तीने, पाने मांडली गेली. बाहेर टळटळीत ऊन असे. चिरंजीव दोन घास घेत, "आई, मला आत्ता भूक नाही गं," म्हणत आणि साडेनऊच्या सुमारास खाली कोपऱ्यावरच्या खाद्यगृहात जाऊन जेवीत. आईच्या हातचे टाकून मुलगा बाहेर जेवतो, ही गोष्ट सौभाग्यवतींच्या मनाला फार लागली. त्या बोलल्या काहीच नाहीत. पण चौथ्या रात्री भाजणीच्या डब्याचे झाकण लावताना त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला आम्ही पाहिला. पोर हातचे गेले की काय, ही शंका आमच्याही मनात घर करू लागली होती.

वस्तुतः दोष मुलाचा नव्हता, घड्याळाचा होता. सेव्हिल हे ग्रीनिचच्या पश्चिमेस सहा अंशांवर वसलेले. परंतु 1940 साली स्पेनने आपली घड्याळे मध्य युरोपच्या वेळेला जुळविली, ती आजतागायत तशीच आहेत. उन्हाळ्यात त्यांत आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळे जूनमध्ये तेथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोननंतर आणि मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमारास. अडीच वाजता जेवणारा सेव्हिलकर सूर्याच्या हिशेबाने आपल्यासारखाच भर दुपारी जेवतो, आणि रात्री साडेनऊचे त्याचे जेवण हे खरे पाहता दिवेलागणीचेच होय. हे गणित उमगल्यावर पाचव्या दिवशी आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, "आज आपणच खाली जाऊ."

परंतु त्याच दुपारी एक फजिती ओढवली. मोठ्या चर्चच्या परिसरातील एका गर्दीच्या ठिकाणी आम्ही 'मांस नको' असे पाठ केलेल्या शब्दांत सांगितले. समोर घेवड्याच्या हिरव्या शेंगांची बशी आली आणि शेंगांत डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे! वाढप्याच्या चेहऱ्यावर प्रामाणिक आश्चर्य होते. 'कार्ने' म्हणजे मांस. हे 'हामोन' त्यात तो धरीतच नव्हता, ते जणू शेंगांची फोडणीच! सौभाग्यवती उपाशी उठल्या. शाकाहारी वाचकांनी ध्यानी ठेवावे : तेथे 'सिन हामोन', म्हणजे 'हामोनविना', असे स्पष्ट शब्दांत सांगितल्यावाचून घास उचलू नये.

रात्री मन धास्तावलेलेच होते. कोपऱ्यावरचे ते खाद्यगृह म्हणजे एक लांबलचक लाकडी ओटा आणि त्याला टेकून उभी असलेली माणसे. वृद्ध, तरुण, कडेवर मूल घेतलेल्या लेकुरवाळ्या, सारे उभ्यानेच खात होते. तेथे पदार्थ मागवायचे ते इवल्या बशीतून. तिला 'तापा' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ झाकण. एकच मोठे ताट मागवून कोपरा धरून बसणे हे परक्याचे लक्षण. स्थानिक माणूस एक तापा घेतो, तो चौघांत वाटून खातो, गप्पा मारतो, मग दुसरा मागवितो. आणि कित्येकदा पुढच्या बशीसाठी पुढच्या गल्लीतील दुसऱ्या ओट्यावर जातो. पेयाचेही तसेच. बिअर घेतात ती 'कान्या' नावाच्या लहानशा पेल्यातून, म्हणजे ती उन्हाने कोमट होण्याआधीच संपते. जाणकार सानलूकार गावची 'मान्सानिया' नावाची फिकट, कोरडी मदिरा घेतात. पाहुणे सांग्रिया मागतात, तर गावकरी तांबड्या मद्यात सोडा घातलेले 'तिन्तो दे व्हेरानो'. आम्ही त्या वाटेस गेलो नाही. पेल्यातून पिण्याचे थंडगार गास्पाचो, म्हणजे टोमॅटो, काकडी, लसूण आणि ऑलिव्ह तेल यांचे सार, आम्हांस पुरेसे होते.

आणि मग ती बशी आली. वांग्याचे तळलेले काप आणि त्यांवर काळसर, दाट पाक. सौभाग्यवतींनी साशंक मनाने बोटाचे टोक लावले आणि त्या उद्गारल्या, "अहो, ही तर काकवी!"

ती काकवीच होती. अरबांनी दक्षिण स्पेनमध्ये ऊस नेला. मालागाच्या किनारपट्टीवर आजही उसाचा असा पाक निघतो. सेव्हिलवर 712 पासून 1248 पर्यंत मुस्लिम सत्ता होती. त्या पाच शतकांनी तेथील स्वयंपाकघरात जे ठेवले, ते मराठीच्या शिक्षकाला तरी विसरता येणार नाही. संस्कृतातील शर्करा फारसी-अरबीच्या वाटेने जाऊन तेथे 'आसूकार' झाली, आपल्याकडे साखर झाली. नारंगाचे तेथे 'नारान्हा' झाले. त्याची कडू फळे देणारी झाडे सेव्हिलच्या रस्तोरस्ती उभी आहेत. वांग्याचे 'बेरेन्हेना' हे नावही असेच आपल्या बाजूकडून निघून तेथवर पोचलेले. उलट टोमॅटो, मिरची आणि बटाटा हे अमेरिकेचे. त्या खंडाशी चालणाऱ्या स्पेनच्या व्यापाराची कचेरी 1503 पासून सेव्हिलमध्येच होती. ज्याला आपण 'इथलेच' म्हणतो, ते कधी ना कधी पाहुणे म्हणूनच आलेले असते.

पाठोपाठ पालक आणि हरभरे आले. जिरे, लसूण आणि तळून वाटलेल्या पावाने दाट केलेले. चिरंजीवांनी 'सिन हामोन' म्हणण्यापूर्वीच ओट्यामागील साठीच्या मालकीणबाई हसून काही बोलल्या. चिरंजीव गप्प झाले. आम्ही अर्थ विचारला, तेव्हा संकोचाने त्यांनी सांगितले : पहिल्या हिवाळ्यात ते तापाने अंथरुणास खिळले होते. दोन दिवस पोरगा ओट्यावर दिसला नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी या बाई तीन जिने चढून हेच पालक-हरभरे भांड्यात घेऊन आल्या. हा हामोन खात नाही, हे त्यांच्या ध्यानात होते. "तुम्ही काळजी कराल म्हणून कळवलं नाही, बाबा."

सौभाग्यवतींनी ओट्यावरून हात पुढे करून त्या बाईंचा हात धरला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि त्याची गरजही भासली नाही.

पुढील पंधरवडा आम्ही सेव्हिलकरांच्या वेळेने जगलो. सकाळी भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्ह तेल आणि कुस्करलेला टोमॅटो, सोबत काचेच्या पेल्यातून दुधाची कॉफी. दुपारी पडदे ओढून वामकुक्षी. 1670 पासून चालत आलेल्या 'एल रिन्कोन्सियो'तही जाऊन आलो. तेथे गिऱ्हाइकाचा हिशेब लाकडी ओट्यावरच खडूने लिहितात. तीस वर्षे खडू झिजविला, पण त्याचा असा चविष्ट उपयोग प्रथमच पाहिला! जेवणानंतर रेंगाळत बोलत बसण्याला तेथे 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे पानसुपारीबरोबर चालणाऱ्या गप्पांना असा एक शब्द असावयास हवा होता, असे वाटून गेले.

निघण्याच्या आदल्या रात्री सौभाग्यवतींनी उरलेल्या भाजणीची थालीपिठे लावली आणि गरम गरम खाली नेली. मालकीणबाईंनी एक तुकडा चाखला, मान डोलाविली, मग सुरी घेऊन थालीपिठांचे लहान तुकडे केले आणि ओट्यावरील प्रत्येकापुढे एकेका बशीत ठेवले. थालीपिठाचा तापा झाला! आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थाने बोटे चाटून दुसरा मागितला.

गायकवाडांच्या काळात आमचे पूर्वज बडोद्यास आले, तेव्हा त्यांच्याही डब्यात भाजणी असेलच. आज आमच्या शहराची ओळख सांगणाऱ्या सेव-उसळीत उसळ कोणाची आणि सेव कोणाची, हे भांडण कोणी काढीत नाही. त्या पूर्वजांच्या आयांनीही मागे राहून असेच डोळे पुसले असतील.

परतीच्या विमानात सौभाग्यवतींचे डबे रिकामे होते. पोराची काळजी तेवढी निम्मी तेथेच, त्या ओट्यावर, ठेवून आलो.