बाबांनी वाचलेले पुस्तक

प्रत्येक घरात असा एक काळ येतो, की परवापर्यंत गळ्यात पडणारे मूल एकाएकी अबोल होते. विचारले तर उत्तर मिळत नाही. मिळालेच तर तुटक. या वयावर मराठीत फार चांगली पुस्तके लिहिली गेली आहेत. त्यांपैकी एकाने आमच्या घरात काय केले, ते आज वाचकांस सांगावेसे वाटते.

आम्ही इंदूरचे. होळकरांच्या काळापासून येथे मराठी माणसांची वस्ती आहे. १९१७, १९३५ आणि २००१ या साली मराठी साहित्य संमेलनेही येथे भरली. तरी शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, आणि मराठी तेवढी घरात. आमचे बाबा एका छापखान्यात खिळे जुळवीत. रात्रभर हिंदी मजकूर जुळवून पहाटे ते घरी येत.

लहानपणी आईने आम्हांला 'श्यामची आई' वाचून दाखविली. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई मारून पोहायला धाडते. ती असे का करते, हे आम्हांला तेव्हा सहज उमगत असे. त्या वयात आम्ही आईच्या बाजूचे होतो.

सतराव्या वर्षी, १९८८ साली, आम्ही वाचनालयातून भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणली. ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग शिकण्यासाठी पुण्यास जातो, वडिलांचा पैसा उधळतो. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि अखेर तो रित्या हाताने गावी परततो. वडिलांविषयी त्याच्या मनात असलेला राग आम्ही आपलाच मानला. आम्ही बाबांशी बोलणे टाकले. एके पहाटे त्यांनी ते पुस्तक आमच्या हातून काढून घेतले. "बापाशी कसं वागावं, हे यातून शिकतोस काय?" एवढेच ते म्हणाले. आठ दिवसांनी पुस्तक मुकाट्याने फडताळात परत आले. आम्ही मात्र तो सल पुष्कळ वर्षे जपून ठेवला.

बाबा गेल्यावर एकदा बोलता बोलता आई म्हणाली, "तुझं ते पुस्तक त्यांनी रात्रपाळीहून आल्यावर रोज थोडं थोडं वाचून संपवलं होतं. मला विचारायचे, अगं, मीही त्याच्याशी असाच वागतो का?"

आम्ही सुन्न झालो. जो प्रश्न त्यांनी आईला विचारला, तो आम्हांला विचारला असता, तर! आणि पुस्तक परत आले, तेव्हा आम्ही तरी त्यांना एक शब्द विचारला होता का?

मग 'कोसला' पुन्हा वाचली. पुस्तक तेच, परंतु या खेपेस पांडुरंगाच्या तक्रारींआड पैसे पुरविणारा, मुलाच्या भवितव्याची चिंता वाहणारा बाप आम्हांला प्रथमच दिसला. तो सतराव्या वर्षीही त्याच पानांत होता. आम्हीच त्याला पाहिले नव्हते.

आज आमचा मुलगा नववीत आहे. तोही दार लोटून बसू लागला, तेव्हा आम्ही मिलिंद बोकील यांची 'शाळा' घरी आणली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत आणीबाणीच्या दिवसांतला, नववीतलाच मुकुंद आहे. वर्गातल्या एका मुलीवर त्याचे मन जडले आहे. हिंदी-मराठीची लिपी एकच असल्याने मुलगा वाचू शकतो, पण शब्दांना अडखळतो. म्हणून रात्री जेवणानंतर तो मोठ्याने वाचतो. आजी आणि आम्ही ऐकतो. मुकुंदाच्या निमित्ताने तो अधूनमधून स्वतःचेही चार शब्द बोलून जातो. आम्ही उलटतपासणी करीत नाही.

आईबापांनो, मुलाच्या हातातले पुस्तक ओढून घेण्यापूर्वी ते वाचा; आणि वाचून मनात जे येईल, ते मुलालाच विचारा. शेजारच्या खोलीत विचारलेला प्रश्न मुलापर्यंत पोहोचत नाही.

परवा मुकुंदाच्या टोळीचे उद्योग ऐकून आई म्हणाली, "भारी वात्रट पोरं!"

मुलाने मान वर केली. "आजी, वात्रट म्हणजे काय?"

आईने आमच्याकडे बोट दाखविले. "हा बघ, तुझा बाप!"

कितीतरी दिवसांनी तो आमच्याकडे पाहून मोकळा हसला, आणि पुढचे पान वाचू लागला.